बियाला धरलेलं वांगं

कुपवाडात वीस गुंठ्यांत भाजीपाला करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "प्लॉट कधी पाडणार?" आणि दुसरा, "वांगी गावठीच आहेत ना?" हे प्रश्न वेगवेगळ्या माणसांनी विचारले असते, तर काही बिघडलं नसतं. पण एकच माणूस एका दमात दोन्ही विचारतो. त्याला गावठी वांगंही हवं असतं आणि ते ज्या मातीत येतं तिथं टू बीएचकेही हवा असतो, शक्यतो पूर्वेच्या दाराचा.

आमच्या रानाच्या एका अंगाला एमआयडीसीचे पत्रे दिसतात, दुसऱ्या अंगाला नव्या कॉलनीच्या पाण्याच्या टाक्या. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली आणि आम्ही कागदोपत्री शहरवासी झालो. म्हशींना ही बातमी अजून कोणी कळवलेली नाही. त्या रोज संध्याकाळी महापालिकेच्या रस्त्याच्या मधोमध, कारखान्यातून सुटलेल्या दुचाक्यांसमोर, ग्रामपंचायतीच्या काळातल्याच चालीनं चालतात.

तर गावठी भाजीचं. पस्तीस-चाळीस वर्षांमागे पाहुणा आला की त्याच्यासमोर हायब्रीड टोमॅटोची कोशिंबीर ठेवण्यात प्रतिष्ठा होती. गावठी टोमॅटो म्हणजे चपटा, खाचखळग्यांचा, आंबट, पिशवीत घरापर्यंत धड न पोचणारा. तो घरच्यांनी आमटीत घालायचा. आता नातवाच्या चष्म्यापासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याचं खापर हायब्रीड भाजीवर फुटतं, आणि तोच चपटा टोमॅटो शोधत माणसं चारचाकी घेऊन बांधावर येतात. येतात आणि विचारतात, "जरा गोल, एकसारखे नाहीत का?" गावठी टोमॅटोची चव पाहिजे, पण तो दिसायला हायब्रीड पाहिजे. मुलगी साधी आणि संस्कारी हवी, पण सिनेमातल्यासारखी दिसायला हवी, अशी अट घालणारी मंडळी आणि ही मंडळी एकच असावीत असा माझा संशय आहे.

मुळात या गावठी टोमॅटोचं गाव अमेरिका खंडात. मिरचीचंही तेच. पोर्तुगीज जहाजांतून ही मंडळी आपल्याकडं उतरली. वांगं मात्र अस्सल आपल्याकडचं. पण कोणतंही बी चार-पाच पिढ्या एकाच रानात राहिलं, इथलं ऊन खाल्लं, इथल्या रोगांशी भांडलं की कुपवाड काय आणि मेक्सिको काय, रहिवासी दाखला मिळायला हरकत नसावी. माणसांना याहून कमी पुराव्यावर मिळतो.

गिऱ्हाइकाची दुसरी परीक्षा किडीची. भाजी सेंद्रिय आहे हे सिद्ध करायला पाटीत चार वांगी किडकी असावी लागतात. एकही किडकं निघालं नाही, तर वहिनी भुवया चढवून म्हणतात, "औषध मारलेलं दिसतंय." आणि किडकं निघालं, तर तेवढं बदलून मागतात. कीड असावी, पण दुसऱ्याच्या पिशवीत. शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी फार पोचलेली आहे. बारीक भोक पाडून आत शिरते आणि मागं दार लावून घेते. आम्ही सुकलेले शेंडे खुडतो, कामगंध सापळे लावतो, निंबोळी अर्क फवारतो, आणि तरीही तिचा हिस्सा तिला पोचतोच. या एका अळीपायी बीटी वांगं तयार झालं, त्याच्यावर देशभर वाद पेटला, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपुरात, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्या वांग्याला स्थगिती दिली. वांगं पिकवणाऱ्याच्या दारात मंत्री आल्याचं मात्र आमच्या ऐकिवात नाही. अळी होऊन जन्माला यावं.

रासायनिक खत बंद केलं तेव्हा घरात खरा तंटा झाला तो बेसनावरून. सुभाष पाळेकरांचं जीवामृत करायचं तर दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, मूठभर बांधाची माती, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन लागतं. शेण-गोमूत्राला कोणाची हरकत नव्हती. बेसनाचा डबा हलला तशी सौभाग्यवती दारात आडवी आली. "मी दोन भजी जास्त तळली तर महिन्याच्या सामानाचा हिशोब मांडता. आता दोन किलो बेसन पिंपात?" मी मातीतल्या जिवाणूंबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "घरातल्या जिवांचं काय?" शेवटी पिंपासाठी वेगळं बेसन आणायचं ठरलं. दुकानदार आता मला बघितलं की विचारतो, "घरचं की रानाचं?"

मग प्रमाणपत्राचा विषय निघाला. सरकारची पीजीएस नावाची सोय आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांची रानं तपासायची आणि शेजाऱ्यानं शेजाऱ्याची हमी द्यायची. योजना आखणारा साहेब सज्जन असणार, पण त्याला बांध नसणार. जो शेजारी हातभर बांध कोरल्यावरून माझ्याशी बोलत नाही, त्यानं माझ्या रानात येऊन माझ्या प्रामाणिकपणाचा दाखला द्यायचा! तरी गंमत अशी, की युरियाची एक मूठ जरी मी टाकली असती, तर ती त्यानंच पहिल्यांदा बघितली असती. तपासनीस म्हणून त्याच्याइतका दक्ष माणूस सरकारला पगार देऊनही मिळाला नसता.

पण ही सगळी वरवरची दुखणी. देशी वाणाचं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते आमच्या थोरल्या आत्यानं मला शिकवलं. आत्या नव्वदीला टेकलीय. तिच्याकडचं वांगं काटेरी देठाचं, पांढऱ्यावर जांभळ्या रेघांचं, हाताला जड आणि शिजल्यावर लोण्यासारखं. कृष्णाकाठची वांगी म्हणून सांगली-साताऱ्याकडं ज्यांची कीर्ती आहे, त्यांच्याच गोतातलं. हे बी तिला तिच्या सासूनं दिलं. सोन्याच्या पाटल्या दिल्या नाहीत, ही तक्रार आत्या अजून करते. बी दिलं, हे मात्र आवाज खाली आणून सांगते.

आत्याचा नियम एका ओळीचा: सगळ्यात चांगलं फळ खायचं नाही.

आता मराठी घरात हा नियम पाळणं किती अवघड आहे, याचा विचार करा. आपल्याकडं सगळ्यात चांगलं ते जावयाला, त्याखालचं पाहुण्याला, त्याखालचं पोरांना आणि उरलंसुरलं घरच्या बाईला, असा क्रम ठरलेला. त्यात "बियाला" म्हणून कोणी आणखी वर जाऊन बसायचं, हे कोणाच्या पचनी पडत नाही. बाजाराची भाजी करणारा चांगला माल विकतो आणि किडकं-वेडंवाकडं घरी ठेवतो. बीसुद्धा त्यातलंच धरतो. तसं चार वर्षं केलं की पाचव्या वर्षी वाण ओळखू येत नाही, आणि मग माणूस म्हणतो, "देशी बियाण्यात आता राम राहिला नाही." त्यातला राम आपणच बाजारात विकलेला असतो.

शिवाय नुसतं फळ चांगलं असून भागत नाही. पहिल्या वर्षी मी सगळ्यात थोराड वांगं दाखवलं, तर आत्या म्हणाली, "फळ काय बघालास? झाड बघ. आजारी पडलं न्हवतं न्हवं? शेंडे वाळलं न्हाईत न्हवं? मग त्याच्यावरचं मधल्या तोड्याचं फळ सोड." असं सोडलेलं फळ झाडावरच पिकू द्यायचं. जांभळा रंग जाऊन ते पिवळं, मग तपकिरी पडतं. आठवड्यामागून आठवडे जातात आणि रोज बघणाऱ्याला ते वाया चाललंय असंच वाटतं. मग आत्या ते चिरते, गर पाण्यात कुस्करते. पोचट बी वर तरंगतं, भरीव बी तळाला बसतं. वरचं पाणी ओतून द्यायचं, तळाचं बी फडक्यावर पसरून सावलीत वाळवायचं, चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळायचं आणि डब्यात भरायचं. डब्याच्या झाकणावर कोणत्या तरी बिस्किटाची गुलाबी पोरगी हसत असते. आत मात्र सासूकडून सुनेकडं आलेली इस्टेट असते, जिच्यावर कोर्टात दावा लागण्याची भीती नाही.

ओळखू यावं म्हणून बियाच्या वांग्याला आम्ही लाल चिंधी बांधायला लागलो. आठवडाभरात कॉलनीत बोभाटा झाला की तिथं नवस बोलतात. एका सकाळी वांग्याच्या बुडाशी हळदीकुंकू वाहिलेलं सापडलं. दुसऱ्या दिवशी सव्वा रुपया. मी आत्याला म्हणालो, "लोकांना खरं काय ते सांगूया." ती म्हणाली, "गप ऱ्हा. नवसाचं वांगं कोण तोडंल?"

आत्यानं तोडणारा जमेस धरला नव्हता. आमचा मेव्हणा एमआयडीसीत इंजिनियर आहे, देवाधर्माचं फारसं करत नाही आणि भरताचं मात्र सगळं करतो.

"दाजी, त्या एकाच वांग्याला चिंधी का?"

"बियाला धरलंय."

"म्हणजे सगळ्या रानात ते एक नंबर?"

"हो."

"मग दुसरं का भाजायचं?"

या युक्तिवादाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधेपर्यंत वांगं निखाऱ्यावर होतं. बी धरायला पिकत ठेवलेल्या वांग्याचं भरीत कडवट आणि बियांनी कचकचीत होतं, हे त्यालाही तेव्हा कळलं. पण मेव्हणा आहे, चांगलं झालं म्हणून सगळं खाल्लं. आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या बियाच्या वांग्यांवर तिनं लिंबू-मिरची आणि एक काळी बाहुली टांगली. तेव्हापासून विज्ञाननिष्ठ मेव्हणा त्या सरीला चार हात लांबून वळसा घालतो. बियाणं संरक्षणाचा यापेक्षा स्वस्त उपाय कोणत्याही कृषी विद्यापीठानं सुचवल्याचं मला माहीत नाही. अंधश्रद्धेला माझा विरोधच आहे, तो वांग्याचा हंगाम संपल्यावर मी पुन्हा सुरू करतो.

हे हसण्यावारी नेलं, तरी जगात याच नियमापायी माणसं मेलीत. रशियातल्या निकोलाय वाविलोव्ह या शास्त्रज्ञानं जगभर हिंडून पिकांचं बियाणं गोळा केलं आणि लेनिनग्राडच्या संस्थेत ठेवलं. १९४१ मध्ये जर्मन सैन्यानं शहराला वेढा घातला, अन्न संपलं, माणसं भुकेनं मरायला लागली. संस्थेत भाताच्या, गव्हाच्या, मक्याच्या पाकिटांची कपाटं भरलेली होती. तिथल्या लोकांनी त्यातलं मूठभरही शिजवलं नाही. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह तांदळाच्या पाकिटांमध्येच उपासमारीनं गेले. खुद्द वाविलोव्ह त्या वेळी स्टालिनच्या तुरुंगात होते आणि १९४३ मध्ये तेही तिथंच खंगून गेले. ही गोष्ट मी मेव्हण्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांच्यात कोणाचा मेव्हणा नव्हता."

आपल्याकडं हे काम कपाटात नाही, माणसांच्या रानात चालतं. इथून जवळच कवलापूर आहे. गाजराचं गाव. संक्रांतीच्या तोंडावर तिथं गाजरांचे ढीग धुतले जातात आणि भोगीच्या भाजीत वांगं, घेवडा, पावटा, हरभऱ्याच्या सोबतीला पडायला निघतात. तिथले शेतकरी गावरान गाजराचं बी घरचंच धरत आलेत. गाजराचं बी धरायचं म्हणजे काय, तर सगळ्यात सरळ, रंगदार गाजरं निवडायची, त्यांचा पाला छाटायचा, खालचा शेंडा कापायचा आणि वरचा तुकडा परत मातीत पुरायचा. मग त्याला पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात आणि त्यांत बी धरतं. ऐन सणाच्या तोंडावर, भाव चढलेला असताना, उत्तम गाजर पाटीतून काढून पुन्हा जमिनीत गाडणारा माणूस बघितला की मला साधुसंतांची आठवण होते. फरक एवढाच, की संत व्याजानं पैसे काढत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच बी जपलं, त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली आणि आपण त्यांना बीजमाता म्हणायला लागलो. योग्यच झालं. आत्याला मी हे टीव्हीवर दाखवलं. तिनं राहीबाईंकडं बघितलं, त्यांच्या गाडग्या-मडक्यांकडं बघितलं आणि विचारलं, "राख कसली वापरतीया बाई?" पद्मश्रीबद्दल काही विचारलं नाही. एका तज्ज्ञाला दुसऱ्या तज्ज्ञाच्या मानपत्रात रस नसतो, पद्धतीत असतो.

आमच्या पलीकडच्या गच्चीवरच्या काकांची तऱ्हा वेगळी. त्यांनी कुंडीत ढोबळी मिरची लावली, शेजारच्या कुंडीत माझ्याकडून नेलेली तिखट लवंगी. दोन्ही मिरच्या एकाच जातकुळीतल्या, आणि मधमाशीला कुंड्यांमधलं अंतर म्हणजे काहीच नाही. त्या वर्षी काही कळलं नाही. पुढच्या वर्षी काकांनी स्वतः धरलेलं ढोबळीचं बी लावलं आणि त्या मिरचीत बेसन भरून पाहुण्यांना वाढली. एका पाहुण्यानं तांब्याभर पाणी पिऊन विचारलं, "सेंद्रिय का?" काका अभिमानानं म्हणाले, "घरचं बी आहे."

बांधावरच्या रायवळ आंब्यांची तर बीनंही सोय लागत नाही. कोय लावली की झाड येतं, पण तेच झाड येत नाही. म्हणून प्रत्येक झाड एकुलतं एक, आणि प्रत्येकाला नाव: शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, साखरगोटी. आमच्या शेप्याला खरोखर शेपूचा वास येतो. आजोबांना तो आवडायचा, बाबांना आवडायचा नाही, तरी दोघांनी पाणी घातलं. असं झाड टिकवायचं तर त्याचं कलमच बांधावं लागतं, आणि कलम बांधणारा माणूस आता प्लंबिंगची कामं करतो, कारण कॉलनीत नळ जास्त आणि आंबे कमी.

हायब्रीडवर दात धरायचं मात्र कारण नाही. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसानं एकसारखा, वाहतुकीत टिकणारा, भरघोस येणारा माल लावला, तर त्याचं काय चुकलं? हायब्रीडचं बी धरलं की पुढच्या वर्षी चार झाडं चार तोंडांची निघतात, म्हणून दरवर्षी पाकीट विकत आणावं लागतं, एवढाच त्याचा हिशोब. आणि निवडायची नजर काही फक्त आत्यापाशी नाही. द्राक्षांत नाव कमावलेला तास-ए-गणेश हा वाण थॉमसन सीडलेसच्या वेलींमधून याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात निवडून काढला गेला. शेकडो वेलींत एक वेगळी ओळखणं आणि तिच्याशी इमान राखणं, हीच ती कला. पाकीट विकत घेणाऱ्याची भूक भागते, पण ही नजर हळूहळू जाते.

कायदाही बियाच्या बाजूनं आहे, हे लोकांना माहीत नसतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. म्हणजे आत्यानं बिस्किटाच्या डब्यातून चिमूटभर वांग्याचं बी काढून शेजारणीच्या पदराच्या टोकाला बांधून दिलं, तर त्या गाठीमागं संसदेचा कायदा उभा आहे. आत्याला हे सांगितलं, तेव्हा तिला नवल वाटलं ते एवढंच, की एवढ्यासाठी कायदा करावा लागला.

तर वाचकहो, गावठी भाजीचं कौतुक पुरे झालं. फोटो काढलेत, गटावर टाकलेत, "पूर्वीची चव राहिली नाही" असंही म्हणून झालं. आता एक करा. बाजारात वेडीवाकडी गावठी वांगी दिसली तर घासाघीस न करता घ्या, कारण ती विकली गेली तरच पुढच्या वर्षी लावली जातील. गच्चीवर एक कुंडी असेल, तर तिच्यातल्या सगळ्यात धडधाकट झाडावरचं एक फळ बियाला सोडा आणि घरातल्या जावयांना, मेव्हण्यांना आधीच सांगून ठेवा. सुरुवातीचं बी नसेल तर आमच्याकडून फुकट न्या. अट एकच: पुढच्या हंगामाला नेलं त्याच्या दुप्पट परत आणून द्यायचं. आणि तसं काही जमणार नसेल, तर निदान चिंधी बांधलेल्या फळाला हात लावू नका.